धीर देणारी सोबत : बालचित्रपुस्तकांतील मैत्री आणि धैर्य

प्रास्ताविक

मराठी बालवाङ्मयाला शौर्याची वाण कधीच पडली नाही. गडकोट, घोडदौड, तलवारीचे वार आणि प्राणपणाने लढवलेल्या खिंडी यांनी पाठ्यपुस्तकांपासून दिवाळीच्या सुटीतील गोष्टींपर्यंत मुलांचे वाचन व्यापलेले आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'सारख्या मालिकांनी या वीरांना रंगही दिले. या वाङ्मयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यातील वीर बहुधा निर्भय असतो आणि वाचणाऱ्या मुलाची जागा त्याच्या चाहत्याची असते. स्वतः मुलाच्या आयुष्यात येणाऱ्या भीतीचे प्रसंग वेगळ्याच जातीचे असतात. दिवा मालवल्यानंतरचा अंधार, शाळेचा पहिला दिवस, पोहायला शिकताना विहिरीच्या काठावरून दिसणारे पाणी, वर्गात उभे राहून चुकीचे उत्तर दिल्यावर पिकलेला हशा, या प्रसंगी तलवार उपयोगी पडत नाही.

अशा वेळी वडीलधारी माणसे मुलाला म्हणतात, 'तू शूर ना? मग घाबरायचं नाही.' हेतू प्रेमळ असतो. परिणाम मात्र असा होतो की, भीती होती तेथेच राहते आणि ती बोलून दाखवण्याचा मुलाचा अधिकार तेवढा जातो. मुलग्यांच्या बाबतीत त्यात 'मुलीसारखा रडतोस काय' ही आणखी एक भर पडते, आणि त्या एका वाक्यात मुलगा व मुलगी या दोघांचाही उपमर्द होतो.

मराठी भाषेत या गुणासाठी शब्द पुष्कळ आहेत : शौर्य, पराक्रम, धाडस, हिंमत, धीर. त्यांपैकी 'धीर' या शब्दाचा व्यवहार इतरांहून निराळा आहे. शौर्य गाजवतात, धाडस करतात, हिंमत बांधतात. धीर मात्र देतात. तो येतो, धरावा लागतो, खचतो, सुटतो, आणि सुटू लागला असता दुसऱ्याकडून मिळू शकतो. शौर्य एकट्याच्या मालकीचे असू शकेल. धीर या शब्दात दोन माणसे गृहीत धरलेली आहेत. मुलांच्या उत्तम चित्रपुस्तकांत आढळणारे धैर्य बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे असते. ते एका पात्राच्या अंगी असलेला गुण म्हणून येत नाही, दोन पात्रांच्या मध्ये घडते. आणि मित्र तेथे भीती नाहीशी करत नाही, तिला सोबत देतो. प्रस्तुत लेखात हे मुख्यतः अमेरिकन चित्रपुस्तककार आर्नल्ड लोबेल यांच्या बेडूक आणि भेक यांच्या गोष्टींच्या आधारे पाहिले आहे. त्यांच्या समकालीन काही पुस्तकांचा आणि आपल्याकडील दोन जुन्या कथांचा विचारही त्या अनुषंगाने केला आहे.

चित्रपुस्तकाचे स्वरूप

जॉन अमॉस कोमेनियस यांनी १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेले 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठी केलेले आरंभीचे सचित्र पुस्तक मानले जाते. त्यातील चित्रे वस्तूंची ओळख करून देण्यासाठी होती. चित्र आणि शब्द यांनी मिळून एकच गोष्ट सांगावी, एकाने जे गाळले ते दुसऱ्याने भरून काढावे, ही रीत एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट (१८४६-१८८६) यांच्या पुस्तकांत स्पष्ट दिसू लागली. त्यांच्या नावाचे पदक अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेतर्फे १९३८ पासून दरवर्षी उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दिले जाते.

असे पुस्तक बहुधा बत्तीस पानांचे असते. हा आकडा कलेतून आलेला नाही, छापखान्यातून आला आहे : मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की पाने आठाच्या पटीत पडतात. परंतु या मर्यादेतूनच चित्रपुस्तकाचे एक सामर्थ्य निर्माण झाले. पाने थोडी असल्याने प्रत्येक पान उलटणे ही एक घटना ठरते. गुहेचे तोंड उजव्या पानावर दिसावे आणि गुहेत काय आहे ते पान उलटल्यावरच कळावे, अशी रचना लेखक करू शकतो. पान उलटण्याआधीचा तो क्षण मुलाच्या हातात असतो. उलटायचे की थोडे थांबायचे, मागे जाऊन पुन्हा पाहायचे की पुस्तक मिटून टाकायचे, हे ते ठरवू शकते. पडद्यावरची भीती अशी थांबून राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, चित्रपुस्तक सहसा दोघे मिळून वाचतात. मोठे माणूस शब्द वाचते, मूल चित्र वाचते. मोठ्याचे डोळे ओळींवर असताना मुलाचे डोळे चित्रभर हिंडत असतात. त्यामुळे कोपऱ्यात लपलेला साप आधी मुलालाच दिसतो. जे वाचता येते ते मोठ्याकडे आणि जे दिसते ते मुलाकडे, अशी ही वाटणी आहे. सोबतीने भीतीला सामोरे जाण्याचा प्रसंग गोष्टीत येण्याआधी तो वाचनाच्या बैठकीतच घडत असतो.

दोन जुन्या कथा

मैत्री आणि संकट यांची सांगड भारतीय कथापरंपरेला नवी नाही. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्राचे नावच 'मित्रसंप्राप्ती' असे आहे. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली कबुतरे आपला राजा चित्रग्रीव याच्या सल्ल्याने एकाच वेळी उडतात आणि जाळे घेऊनच निघून जातात. पुढे हिरण्यक नावाचा उंदीर ते जाळे कुरतडतो. त्या वेळी चित्रग्रीव त्याला आधी आपल्या अनुयायांचे पाश तोडायला सांगतो. कथा सुंदर आहे, पण तिचा रोख नीतीकडे आहे. राजपुत्रांना व्यवहार शिकवणे हा ग्रंथाचा घोषित हेतू असल्याने मित्र हे तेथे एक बळ आहे, संकटकाळी उपयोगी पडणारे साधन आहे. कबुतरांना त्या वेळी काय वाटले, जाळे अंगावर पडल्यावर त्यांची छाती कशी धडधडली, हे सांगण्याची त्या ग्रंथाला गरज नाही.

दुसरी कथा महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. सशाच्या अंगावर पान पडते, आभाळ पडले असे समजून तो पळत सुटतो आणि त्याच्यामागे रानातले एकेक जनावर धावू लागते. तिचे जुने रूप 'दद्दभ जातक' या पाली जातककथेत आहे. ही कथा मैत्रीविषयीच्या गोड समजुतींना चांगलाच छेद देते. येथे सोबत आहे, पण सोबतीने धैर्य वाढत नाही, भीतीच वाढते. कारण धावणाऱ्यांपैकी कोणीही मागे वळून पाहिलेले नसते. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या रूपांत बहुधा सिंह सर्वांना थांबवतो, खरे काय ते उघड होते आणि ससा हास्यास्पद ठरतो. जातकातील सिंहाचे वर्तन अधिक सूक्ष्म आहे. तो सशाला पाठीवर घेतो आणि जेथे आवाज झाला त्या जागी परत घेऊन जातो. भ्यालेल्याला मागे ठेवून तो एकटा खात्री करायला जात नाही, आणि 'घाबरू नकोस' असा उपदेशही करत बसत नाही. दोघे मिळून पाहायला जातात. घोळका आणि मित्र यांतील फरक या एका कृतीत आला आहे. आजच्या सचित्र आवृत्त्यांत बहुधा हाच भाग गाळला जातो, ही खेदाची बाब होय.

१९६३ मधील दोन पुस्तके

आधुनिक चित्रपुस्तकांत या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध टोके एकाच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दोन पुस्तकांत सापडतात. मॉरिस सेंडाक (१९२८-२०१२) यांचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' आणि लिओ लिओनी (१९१०-१९९९) यांचे 'स्विमी' ही दोन्ही १९६३ मध्ये निघाली. १९६४ चे कॅल्डेकॉट पदक पहिल्याला मिळाले आणि दुसरे त्याच वर्षी सन्मानपात्र पुस्तकांच्या यादीत होते.

सेंडाक यांचा मॅक्स हा लांडग्याचा पोशाख घालून घरात धुमाकूळ घालणारा मुलगा. आई त्याला जेवण न देता झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत रान उगवते, नाव येते आणि तो विक्राळ प्राण्यांच्या बेटावर पोहोचतो. पापणी न लववता त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत रोखून पाहत तो त्यांना वश करतो. ते त्याला राजा करतात. येथे धाडस आहे आणि ते पूर्णपणे एकट्याचे आहे. चित्रे पानागणिक मोठी होत जातात, पांढऱ्या कडा गिळत जातात, आणि धांगडधिंग्याच्या प्रसंगी समोरासमोरच्या पानांच्या सलग तीन जोड्या चित्रांनीच व्यापलेल्या आहेत. तेथे एकही शब्द नाही. पण त्यानंतर लगेच राजाला एकटे वाटू लागते. अक्राळविक्राळ प्रजा भोवती असूनही मित्र कोणी नाही. तो घरी परततो. खोलीत त्याचे जेवण वाट पाहत असते. शेवटच्या पानावर चित्रच नाही, थोडेसे शब्द तेवढे आहेत. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ मध्ये या पुस्तकावर टीका केली. उपाशी झोपायला पाठवण्याची शिक्षा मुलाच्या मनात आईने टाकून दिल्याची भीती जागी करील, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वेळी त्यांनी पुस्तक वाचलेले नव्हते. ते वाचले असते, तर उकिरडे फुंकत बसलेल्या आपल्या बागुलबुवापेक्षा हे विक्राळ प्राणी किती निराळे आहेत ते त्यांना दिसले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. बागुलबुवा मोठ्या माणसांनी मुलाला दटावण्यासाठी बोलावलेला असतो; मॅक्सचे प्राणी मॅक्सने स्वतः बोलावले आणि स्वतःच रजा दिली.

'स्विमी' याच्या नेमके उलट आहे. लाल माशांच्या थव्यात एकच मासा काळा आहे. एक मोठा मासा सारा थवा गिळतो आणि काळा स्विमी तेवढा वाचतो. थवा गमावलेला हा जीव समुद्रात हिंडत राहतो. जेलीफिश, शेवंड, ईल, समुद्रफुले पाहत पाहत त्याचे दुःख हळूहळू ओसरते. घाईच्या वाचनात ही पाने दुर्लक्षित राहतात, कारण त्यांत कथानक पुढे सरकत नाही. वास्तविक पुस्तकाचा गाभा तेथे आहे. जग पाहण्याजोगे आहे ही खात्री स्विमीला त्या पानांत पटते, आणि म्हणूनच खडकाआड लपलेला दुसरा थवा भेटल्यावर तो त्यांना बाहेर यायला सांगू शकतो. सगळ्यांनी मोठ्या माशाच्या आकारात पोहायचे आणि स्वतः काळा असल्याने आपण डोळा व्हायचे, ही युक्ती त्याला बराच विचार केल्यावर सुचते. चित्रग्रीवाच्या कबुतरांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र कबुतरांत सर्व सारखीच होती. स्विमी वेगळा आहे, आणि त्याचे वेगळेपण हाच थव्याचा डोळा ठरतो. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही लहान मुलाच्या रोजच्या भीतीपासून ही दोन्ही पुस्तके काहीशी दूरच राहतात. एकात राजा आहे, दुसऱ्यात सेनापती. ज्याला राजाही व्हायचे नाही आणि सेनापतीही, ज्याला केवळ पलंगाखाली वाकून पाहायचे आहे, अशा मुलासाठी लोबेल यांनी लिहिले.

बेडूक आणि भेक

आर्नल्ड लोबेल (१९३३-१९८७) यांचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील स्कनेक्टडी या गावी गेले. लहानपणी दीर्घ आजारपणामुळे त्यांची शाळा बरीच बुडाली. परतल्यावर प्राण्यांची चित्रे काढून आणि गोष्टी सांगून त्यांनी वर्गात आपली जागा पुन्हा मिळवली. पुढे त्यांनी बेडूक आणि भेक या दोन मित्रांवर चार पुस्तके केली. ती १९७०, १९७२, १९७६ आणि १९७९ या वर्षी निघाली. प्रत्येकात पाच छोट्या गोष्टी आहेत. नव्याने वाचू लागलेल्या मुलांसाठीच्या मालिकेतील असल्याने ही पुस्तके बत्तीसऐवजी चौसष्ट पानांची आहेत आणि त्यांतील वाक्ये अतिशय साधी आहेत. काटेकोर वर्गीकरण करणारे त्यांना चित्रपुस्तक म्हणायला कचरतील. परंतु पहिल्या पुस्तकाला १९७१ मध्ये कॅल्डेकॉट सन्मान आणि दुसऱ्याला १९७३ मध्ये लेखनासाठीचा न्यूबेरी सन्मान मिळाला, यावरून चित्र आणि शब्द या दोहोंचा तोल त्यांत कसा साधला आहे याची कल्पना येईल.

येथे मराठी वाचकाला एक अडचण येते. इंग्रजीत या दोन प्राण्यांना दोन रूढ नावे आहेत. मराठी बोलण्यात दोघेही बेडूकच. खरबरीत कातडीच्या, पाण्यापासून दूर राहणाऱ्या जातीला शास्त्रीय लेखनात 'भेक' म्हणतात, म्हणून तो शब्द येथे स्वीकारला आहे. चित्रांत मात्र गोंधळ होत नाही. बेडूक हिरवा, उंच, सडपातळ. भेक तपकिरी, बुटका, स्थूल. बेडूक उत्साही आणि शांत, तर भेक काळजीखोर, चिडखोर, लाजाळू व झोपाळू. मूल स्वतःला बहुधा भेकात पाहते आणि बेडकासारखा मित्र इच्छिते.

१९७२ च्या पुस्तकातील एका गोष्टीत धैर्य हाच विषय आहे. दोघे मित्र राक्षस आणि अजस्र सर्पांशी लढणाऱ्या शूर लोकांचे पुस्तक वाचतात आणि आपणही शूर आहोत का, असा प्रश्न त्यांना पडतो. ते आरशात पाहतात. दिसायला तर शूर दिसतात, पण खरोखर आहोत की नाही हे कसे कळावे? म्हणून ते डोंगर चढायला निघतात. वाटेत गुहेतून साप निघतो, मग दरड कोसळते, मग माथ्यावर ससाण्याची सावली पडते. प्रत्येक वेळी ते उडी मारून बाजूला होतात, थरथर कापतात आणि आपण भ्यालो नसल्याचे ओरडून सांगतात. शेवटी तर दोघे एकदमच. मग जिवाच्या आकांताने धावत भेकाच्या घरी येतात. तेथे ते एकमेकांच्या शूरपणाचे कौतुक करतात, आणि ते करता करता भेक पांघरुणात शिरून डोके झाकून घेतो व बेडूक कपाटात शिरून दार लावून घेतो. तसेच ते बराच वेळ राहतात, दोघेही आपापल्या जागी स्वतःला फार शूर समजत.

ही केवळ विनोदी गोष्ट आहे, असे मोठ्या वाचकाला वाटण्याचा संभव आहे. बढाईखोरांची फजिती या साच्यात ती बसवताही येईल. पण लोबेल त्यांची फजिती करत नाहीत. त्यांना कोणी हसत नाही, कोणी उघडे पाडत नाही. शब्द म्हणतात 'भ्यालो नाही', कृती म्हणते 'भ्यालो', आणि या दोहोंपैकी खोटे काहीच नाही. साप, दरड आणि ससाणा यांना ते खरोखरच सामोरे गेले आहेत व जिवंत परतले आहेत. पांघरूणही खरे आहे. शूर म्हणवण्यासाठी पांघरूण नाकारावे लागत नाही, हे येथे एका वाक्याचाही उपदेश न करता मुलापर्यंत पोहोचते. हे शक्य होते ते दोघे असल्यामुळे. एकटा भेक पांघरुणात शिरला असता तर ती हार ठरली असती. कपाटात मित्र आहे, आणि तो आपल्याला शूर समजतो, म्हणून ती विश्रांती ठरते.

त्याच पुस्तकातील आणखी एक गोष्ट अधिक काळोखी आहे. भेकाला स्वप्न पडते. रंगमंचावर तो एकामागून एक करामती करून दाखवतो, त्याच्या थोरवीची घोषणा होत राहते. आणि प्रेक्षागारात बसलेला बेडूक दर वेळी लहान होत जातो. शेवटी तो दिसेनासाच होतो. भेक भयभीत होऊन त्याला हाका मारतो, तेव्हा जाग येते आणि पलंगाशी नेहमीच्या आकाराचा बेडूक उभा असतो. थोरवी मिळाली, पण ती पाहायला मित्र उरला नाही. मॅक्सच्या सिंहासनावरचा एकटेपणा येथे उलट बाजूने दिसतो. स्पर्धेत पहिला येण्यालाच धैर्य समजणाऱ्या घरांत ही गोष्ट अवश्य वाचली जावी.

विषयाच्या दृष्टीने सर्वांत मार्मिक गोष्ट १९७६ च्या पुस्तकात आहे. हिवाळा आहे. भेकाला अंथरुणातून बाहेर यायचे नाही. बेडूक त्याला गरम कपडे घालून टेकडीवर नेतो आणि बर्फावरच्या घसरगाडीवर बसवतो. भेक घाबरतो. बेडूक सांगतो की तू पुढे बस, मी तुझ्या मागेच आहे. गाडी सुटते. एका उंचवट्यावर धक्का बसून बेडूक खाली पडतो. भेकाला त्याचा पत्ता नसतो. झाडे, खडक चुकवत तो सफाईने गाडी हाकत जातो आणि मागे नसलेल्या मित्राशी आनंदाने बोलत राहतो. वाटेत कावळा भेटतो. भेक त्याला आपल्या दोघांच्या कौशल्याविषयी सांगतो. कावळा म्हणतो, गाडीवर तू तर एकटाच आहेस. भेक मागे वळून पाहतो, आणि त्या क्षणी गाडी झाडावर आदळते, खडकावर आदळते, बर्फात रुतते. धावत आलेला बेडूक म्हणतो की मी सारे पाहिले, एकट्याने तू छान गाडी चालवलीस. भेकाला ते मान्य नाही. एकट्याने करता येण्याजोगी एकच गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, असे तो सांगतो, आणि ती म्हणजे घरी जाणे. तो घरी जाऊन झोपतो.

गाडी चालवण्याचे कसब भेकाच्या अंगी होतेच, हे ऐकणाऱ्या मुलाला दिसते. तरीही ते कसब मित्राच्या सोबतीवाचून टिकले नाही. आणि सोबत तरी कोठे होती? होता तो सोबतीचा विश्वास. धीर म्हणजे नेमके काय, तो देणाऱ्याच्या हातात असतो की घेणाऱ्याच्या मनात, हा मोठ्यांनाही न सुटणारा प्रश्न लोबेल यांनी बर्फावरच्या एका घसरगाडीत बसवला आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकाने शेवटी भेकाला पुन्हा टेकडीवर चढवून एकट्याने गाडी चालवायला लावली असती आणि 'आत्मविश्वास' या शब्दावर पुस्तक संपवले असते. लोबेल त्याला घरी जाऊ देतात. आज जमले नाही, एवढेच. मित्र तोच आहे आणि टेकडीही कोठे जात नाही.

लहानांचे बळ

विल्यम स्टिग (१९०७-२००३) यांच्या 'एमॉस अँड बोरिस' (१९७१) या पुस्तकाचा येथे थोडक्यात उल्लेख करणे योग्य ठरेल. समुद्रात पडलेल्या एमॉस नावाच्या उंदराला बोरिस नावाचा देवमासा पाठीवर घेऊन किनाऱ्याला पोहोचवतो. पुढे अनेक वर्षांनी वादळाने तोच देवमासा किनाऱ्यावर येऊन पडतो, तेव्हा उंदीर दोन हत्ती आणून त्याला पाण्यात ढकलवतो. सिंह आणि उंदीर ही इसापाची कथा यामागे आहे हे उघडच आहे. पण इसापाची कथा उपकाराच्या परतफेडीवर थांबते. स्टिग यांची कथा निरोपापर्यंत जाते. एक जमिनीवरचा, दुसरा पाण्यातला. पुन्हा भेट होणार नाही हे दोघांनाही कळते. मित्राला सोडण्यासाठी लागणारा धीर हा बालसाहित्यात फार क्वचित येणारा विषय आहे. बदलीच्या नोकरीमुळे गाव सोडणाऱ्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांसोबत शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना तो परका नाही.

वाचणारे मोठे माणूस

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी मुलाला एकट्याने काय जमते आणि जाणत्याच्या साहाय्याने काय जमते, या दोहोंमधील अंतराला फार महत्त्व दिले. शिकणे त्या अंतरात घडते. त्यांचे विवेचन प्रामुख्याने बुद्धीच्या विकासाविषयी आहे. पण घसरगाडीची गोष्ट मुलाला वाचून दाखवणारे माणूस त्याच अंतरात बसलेले असते. बेडकाप्रमाणे तेही मागे असते, आणि केव्हातरी गाडीवरून उतरायचे आहे हे त्याला ठाऊक असते.

महाराष्ट्रात या वाचनाला आता काही आधार मिळू लागला आहे. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहिलेल्या व चितारलेल्या पुस्तकांतील यश, राधा यांसारखी मुले वीर नाहीत. घर, शेजार आणि शाळा यांतल्या रोजच्या प्रसंगांतून ती आपली वाट काढतात. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ही चित्रपुस्तकाकडे गांभीर्याने पाहिले जात असल्याची एक खूण मानता येईल. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने मराठीसह अनेक भारतीय भाषांत अल्प किमतीची चित्रपुस्तके काढली आणि २०१५ पासून स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. त्यामुळे पुस्तक नाही ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

खरी अडचण 'तात्पर्य' ही आहे. गोष्ट संपताच 'या गोष्टीवरून काय बोध घ्याल?' असे विचारण्याची आपली सवय पंचतंत्राइतकी जुनी नसेल, पण पाठ्यपुस्तकांइतकी जुनी नक्कीच आहे. तो प्रश्न आला की मूल चित्राकडून शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते आणि अपेक्षित उत्तर शोधते : मित्रांना मदत करावी, घाबरू नये. पांघरुणातील भेकाविषयी त्याला जे वाटले ते मग सांगायचे राहून जाते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात मागच्या रांगेला चित्र दिसतच नाही, ही आणखी एक व्यावहारिक बाब. ज्या पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रात आहे, ते पुस्तक तेथपर्यंत अर्धेच पोहोचते. मुलांना गोलात जवळ बसवणे, दोन-तीन गट करून तेच पुस्तक पुन्हा वाचणे, पान उलटण्यापूर्वी पुरेसे थांबणे या गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

घसरगाडीच्या गोष्टीत अशी एक थांबण्याची जागा आहे. बेडूक पडला आहे, भेकाला ते ठाऊक नाही, आणि कावळा अजून यायचा आहे. वाचणाऱ्याने तेथे काही विचारू नये. त्या शांततेत काही मुले भेकाला 'मागे बघ' म्हणून ओरडू पाहतील, आणि काहींना त्याने मागे वळून पाहू नये असेच वाटत असेल. त्यांचे बोलून झाले की पान उलटावे.